टोपलीतला खडू

१२ जून २०२४, बुधवार

आज बाबा सापडले.

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची कड वाळवीने खाल्ली होती, पण आमची ओळ तिने सोडली. मुलाचं नाव लिहिलेलं नाही, नुसतंच ‘मुलगा’. बापाचं नाव काळू महाले, जात कोकणा, गाव आमचाच हरसूलजवळचा पाडा, साल १९३८. मी तिथेच ‘अहो, हे माझे वडील!’ असं ओरडले. रेकॉर्ड रूममधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहू देत. सगळी नोकरी मी वर्गात ‘शांत बसा’ म्हणत काढली, एकदा आपणही ओरडून घ्यावं.

हे सगळं रोशनीसाठी चाललंय, हे इथे लिहून ठेवते, कारण हल्ली माझ्याच ते लक्षात राहत नाही. रोशनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, किशोरची मुलगी. वहिनी लवकर गेली, किशोर करोनात गेला, आणि पोरगी माझ्याकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आली. जन्मापासून नाशकातच वाढलेली. सरकारी भरतीत आदिवासींच्या राखीव जागेवर तिचं नाव लागलंय, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते आल्याशिवाय नेमणूक कायम होणार नाही. आमच्या घरात ते कुणी काढलेलंच नाही. माझ्या वेळी तहसीलदाराच्या दाखल्यावर काम भागायचं. आता स्वातंत्र्याच्या आगेमागचा पुरावा लागतो, शिवाय चौकशीची माणसं घरी येऊन रीतिरिवाज विचारतात म्हणे. पुरावा आज मिळाला. रीतिरिवाजांचं काय, ते रक्तातच असतात.

पण खरं सांगायचं तर या निमित्ताने मला वंशावळीचा नाद लागलाय. हॉलच्या भिंतीवर मोठं ड्रॉइंग शीट चिकटवलंय. वर आजोबा काळू, त्यांच्याखाली बाबा, बाबांखाली मी आणि किशोर, आणि अगदी तळाशी रोशनी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्याखाली कोरा कागद आहे. आजोबांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ मंगळू. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीच्या छावणीत मजुरीला गेला आणि परत आलाच नाही. आजोबा मरेपर्यंत त्याची वाट बघत होते. त्याच्या नावाखाली मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

रोशनी शीटकडे बघून म्हणाली, “आत्या, माझ्या फाइलला एवढं झाड कशाला लागतं?”

म्हटलं, “फाइलला नाही, मला लागतं.”

२१ जून

रेकॉर्ड रूममध्ये आज गंमत झाली. क्लार्कने ‘महाले कोण?’ अशी हाक मारली आणि दोघांनी एकदम ‘मी’ म्हटलं. दुसरे होते धनराज महाले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, अतिशय नम्र. मूळचे नांदगावचे, आता नाशकातच बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. तेही आपल्या पूर्वजांचा शोध घेत होते. त्यांची मुलगी चैताली पुढच्या वर्षीच्या मेडिकलची तयारी करते.

मला इतक्या दिवसांत या विषयात रस असलेला एकही माणूस भेटला नव्हता. आम्ही बाहेर बाकावर बसून चहा घेतला. मी त्यांना बाबांच्या नोंदीची गोष्ट सांगितली, ती त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, “ताई, तुमच्या घराण्यात कुणी बाहेरगावी जाऊन तुटलेलं, संबंध न राहिलेलं, असं आहे का?” प्रश्न किती नेमका! माणूस अभ्यासू दिसतो. मी मंगळूचं सगळं सांगितलं. त्यांनी आणखी एकेक चहा मागवला.

त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं तर म्हणाले, “आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो, ताई. नाव घरी विचारून सांगतो.” बरोबरच आहे. आजोबांना नावाने कोण हाक मारतं?

माझी पिशवी त्यांनी रिक्षापर्यंत आणून दिली.

७ जुलै, रविवार

आज मंगळू सापडला.

धनराज चैतालीला घेऊन घरी आले. दारातच म्हणाले, “ताई, नांदगावच्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं. आजोबांचं नाव मंगळूच.” आत्याला म्हणे देवळालीचंही आठवत होतं. तिथून ते रेल्वेच्या कामावर नांदगावला गेले आणि तिथेच राहिले. डोंगरातले म्हणून लोक हिणवतील या भीतीने त्यांनी जात कुणाला सांगितलीच नाही. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’ लागलं. आता दोन पिढ्या झाल्या, चालीरीतीही सगळ्या पुसल्या गेल्या.

बोलताना त्यांचे डोळे भरले. माझं तर काय, मी पदर तोंडाला लावून रडले. आजोबा पाड्यावरच्या वाटेकडे तोंड करून बसायचे ते मला आठवलं. आमचा मंगळू जिवंत होता. त्याला मुलं झाली, नातवंडं झाली, आणि त्यातला एक आज माझ्या खुर्चीवर बसून पोहे खात होता!

मी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि शाईने लिहिलं: धनराज. त्याच्याखाली चैताली. त्या बाजूला आता छान भरलेलं दिसतं.

बाबांच्या नोंदीची एक प्रत मी त्यांना दिली. त्यांनी ती कपाळाला लावली.

२४ जुलै

रोशनीशी वाजलं. “त्यांनी तुला एक तरी कागद दाखवला का, आत्या?” म्हटलं, माणसं काय कागदावर जन्मतात? तर म्हणाली, “मग माझ्यासाठी दोन वर्षं कागद का शोधत होतीस?”

जीभ फार चालते तिची. माझ्याकडे कुणी आपलं म्हणून येतंय, हे तिला सहन होत नाही की काय कोण जाणे. मी तिला सांगितलं, मी आयुष्यभर मुलांना कॉपी करताना पकडलंय. शेवटच्या बाकावरच्याचा चेहरा मला दारातून कळतो. धनराजचा चेहरा तसा नाही.

१९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

किशोर गेल्यापासून या दिवशी मी दार लावून झोपून राहायचे. आज चार वर्षांनी राखी बांधली. धनराजने हात पुढे केला तेव्हा क्षणभर किशोरचाच हात वाटला. आता मी त्याला अरेतुरे करते, त्यानेच हट्ट धरला.

जेवण झाल्यावर म्हणाला, “ताई, आमचं सगळं तुटलं. तुम्ही सांगा ना, आपल्यात काय काय असतं?” चैताली वही घेऊन बसली. त्याने फोन टेबलावर ठेवला, आवाज टिपून घ्यायला. म्हणाला, तुमचा आवाज जपून ठेवायचाय. मला इतकं बरं वाटलं! शाळेत मी पाठ्यपुस्तकातलं शिकवत राहिले, आमच्या पाड्यावरचं कुणी कधी विचारलंच नाही.

मी दुपारभर सांगत होते. वाघबारसीला वाघदेवापुढे काय ठेवायचं, डोंगऱ्यादेवाचे भाये, म्हणजे त्याचे व्रतधारी, कसे उपास धरतात, लग्नात हळद कोण लावतं, माणूस गेल्यावर काय करायचं. मग कणसरीचं, म्हणजे आमच्या धान्यदेवीचं सांगितलं. नवी नागली, म्हणजे नाचणी, मळली की खळ्यावर तिची पूजा होते, मग धान्याची पहिली टोपली घरात येते. सांगता सांगता आईची आठवण आली आणि ती खडूची गोष्टही सांगून गेले.

शहाऐंशी साली मला मास्तरणीची नोकरी लागली. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पाड्यावर गेले तर खळं चालू होतं. माझ्या पर्समध्ये शाळेतला अर्धा खडू राहिला होता. आईने तो हातात घेतला, वास घेतला, आणि टोपलीत नव्या नागलीवर ठेवून दिला. मी म्हटलं, “आई, हे काय?” तर म्हणाली, “तुझंबी पीक आलंच ना या वर्षी.” आईला, भागीबाईला, अक्षर येत नव्हतं. त्यानंतर ती होती तोवर दर वर्षी टोपलीत खडू ठेवायची, मी न चुकता पाठवायचे. रोशनीने लहानपणी ते पाहिलंय.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. धनराजने माझा हात धरला. चैताली लिहीत होती.

रोशनी मध्येच स्वयंपाकघरातून आली आणि विचारलं, “आत्या, आजी खळ्यावर गाणं म्हणायची ते कोणतं गं?” म्हटलं, “तू तुझ्या पुढच्या परीक्षेचा अभ्यास कर. त्यात हे येत नाही.” चैतालीचा प्रश्न अर्धवट राहिला होता.

११ सप्टेंबर

आज नोटरीकडे जाऊन वंशावळीचं शपथपत्र केलं. एकाच वंशावळीवर रोशनीचा आणि चैतालीचा, दोघींचा अर्ज. धनराज म्हणाला, “आपलं झाड एकच, मग कागद दोन कशाला?” अगदी माझ्या मनातलं बोलला. रोशनी सोबत यायला तयार नव्हती. म्हणाली, “माझी फाइल वेगळी ठेव आत्या, पाया पडते.” मी ऐकलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने लिहून द्यायचं असतं, आणि घरात वडीलधारी आता मीच आहे.

सही मी ठळक अक्षरात केली. मंगळूला मी घरी आणलं, असं वाटलं.

२८ ऑक्टोबर, वाघबारस

पाड्यावर जाऊन आलो. माझ्या लांबच्या चुलतभावाचा मुलगा लखन आमची जमीन कसतो, त्याच्याकडे उतरलो. धनराजने मोठी गाडी केली होती, एक माणूस व्हिडिओ काढायला आणला होता. चैताली नऊवारी नेसली होती, आमच्याकडच्या बायका नेसतात तशी आखूड. मीच तिला आदल्या दिवशी शिकवलं.

वाघदेवाच्या दगडाशी सगळे जमले, गुराख्यांची पोरं एकमेकांना वाघ करून पळवत होती. चैतालीने सगळं एकदाही न अडखळता केलं. शेंदूर, कोंबडीचं पिल्लू, नारळ, काही म्हणून चुकली नाही. मध्ये मध्ये तिचे ओठ हलत होते, वर्गात उत्तर म्हणण्याआधी हुशार मुलं मनात घोकतात तसे. मला तिचा फार अभिमान वाटला. शेवटी माझीच विद्यार्थिनी.

लखन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आत्या, या पोरीला लय म्हाईत हाय. आमच्या पोरांना बी नाय एवढं.”

“शिकवलं की येतं,” मी म्हटलं.

“व्हय,” तो म्हणाला. “पर आपल्यात शिकवत नाय ना कुनी. असंच येतं, अर्धंमुर्धं.” आणि हसला. त्याचं बोलणं नेहमी असंच, कशाला काही धरबंध नाही.

रोशनी लांब उभी राहून भांडी सांभाळत होती. एकदा जवळ येऊन विचारलं, “आत्या, आता हे काय करतायत?” मी म्हटलं, नंतर सांगते. धनराजचा फोटो चालला होता. परतताना गाडीत ती झोपली आणि ते राहूनच गेलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

धनराजने पैठणी आणली. मी रागावले, पण नेसले. ओवाळताना म्हणाला, “ताई, तुमच्यामुळे मला माझी माणसं मिळाली.” मला काय मिळालं ते मी बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

१० डिसेंबर

चैतालीच्या अर्जाच्या चौकशीला आज बाई आल्या. आधी धनराजच्या घरी जाऊन आल्या होत्या, मग नातेवाईक म्हणून माझा जबाब घ्यायला इथे. बाई तरुण, चष्मा नाकावर, प्रश्न सरळ. “धनराज महाले तुमचे कोण?” “चुलत भाऊ. माझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाचे नातू.” “कधीपासून ओळखता?” मी म्हटलं, “जन्मापासून त्यांचीच वाट बघत होतो आम्ही.” बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं.

जाताना म्हणाल्या, मुलीला रीतिरिवाजांची इतकी तपशीलवार माहिती फार क्वचित असते. मी त्यांना चहाबरोबर डिंकाचा लाडूही दिला.

धनराजला फोन केला तर कामात होता.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगूळ करून ठेवलाय. संक्रांतीला येतो, असं धनराज भाऊबीजेलाच म्हणाला होता. धंद्याचे दिवस आहेत. महिनाभर फोन नाही, पण माणसाला व्याप असतात. रोशनीने डब्यातला एक लाडू काढून खाल्ला आणि डबा परत फळीवर ठेवला.

२२ जानेवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. उद्या मी ते सौम्य करायला बघेन, म्हणून आजच.

रोशनीच्या चौकशीला त्याच बाई आल्या. मला बाजूला बसवलं आणि सांगितलं, “मॅडम, मुलीलाच बोलू द्या.” मी म्हटलं, “बोलेल की.”

“वाघबारसीला काय करता?”

“पाड्यावर जातो. वाघदेव असतो तिथे. नारळ फोडतात.”

“आणि?”

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. “कोंबडी... बहुतेक.”

“डोंगऱ्यादेव कधी असतो?”

“थंडीत असतो, असं ऐकलंय.”

“कणसरीची पूजा कशी करतात?”

“खळ्यावर असते. मी लहान होते, आजी असताना. मला नीट माहीत नाही.”

मला बसवेना. मी तोंड उघडलं तर बाईंनी पेन वर केलं. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच शीटखाली ती पोर एकेक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणत होती, खोटं एक अक्षर बोलत नव्हती. मीच तिला सांगितलं होतं ना, यातलं परीक्षेत येत नाही.

बाईंना वाईट वाटलं असावं. “काहीच आठवत नाही? घरातलं एखादं तरी?”

रोशनीचा चेहरा उजळला. “एक आठवतं. आजी नव्या नागलीच्या टोपलीत खडू ठेवायची. मला हातात द्यायची, आणि मी ठेवायचे.”

मला बरं वाटलं. वाटलं, सुटली पोर.

बाईंनी मात्र पिशवीतून दुसरी फाइल काढली, पानं उलटली. “हे माझ्या ऐकण्यात आलंय. हां. चैताली धनराज महाले. ‘आमचे पणजोबा मंगळू यांच्यापासून आमच्याकडे नव्या धान्यात खडू ठेवायची परंपरा आहे. पांढरा रंग देवीला शुभ असतो.’” मग चष्म्यावरून रोशनीकडे पाहिलं. “हे तुम्ही त्यांच्याकडून ऐकलंत का?”

रोशनीने मान खाली घातली. तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

पांढरा रंग शुभ असतो! माझी आई खळ्याच्या कडेला बसून त्या अर्ध्या खडूचा वास घेत होती, आणि हे म्हणे पांढरा रंग शुभ. मंगळू गेला तेव्हा बाबा रांगत होते. आमच्या घरात तेव्हा खडू कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. मला एकदम सगळं दिसलं. टेबलावरचा फोन, चैतालीचे हलणारे ओठ, ‘घरी विचारून सांगतो’. मंगळूचं नावही मीच दिलं होतं. त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं, एक शब्दही नाही. मीच बोलत होते आणि तो टिपून घेत होता.

मी उठले. म्हटलं, “तो खडू माझा आहे.”

“म्हणजे?”

“शहाऐंशी सालचा आहे. माझ्या पर्समधला. माझ्या आईने ठेवला, आमच्या घरात तिच्याआधी कुणी ठेवला नाही. मंगळूला ते माहीत असणं शक्य नाही. ते लोक आमचे नाहीत.”

बाईंनी फाइल पुन्हा चाळली. मग शपथपत्राचं पान माझ्यापुढे धरलं. “मॅडम, ही सही कुणाची?”

“माझी.”

“डिसेंबरचा जबाब?”

“माझाच.”

“मग मी आता तुमचं कोणतं खरं धरू?” त्या रागावून म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. दोन्ही प्रकरणं फेरचौकशीला जातील. वंशावळ एकच आहे, ती खोटी ठरली तर तिच्यावरचे दोन्ही अर्ज अडकणार. बाबांची नोंदसुद्धा पुन्हा तपासावी लागेल, कारण तिची प्रत दोन्ही फायलींत आहे.

रोशनीच्या नेमणुकीची मुदत मार्चपर्यंत आहे.

२३ जानेवारी

सकाळी धनराजच्या दुकानावर गेले. पैठणी पिशवीत घातली होती, ती काउंटरवर ठेवली. तो गल्ल्यामागून उठलाही नाही. त्याला ऑफिसातून कुणीतरी कळवलेलं दिसलं.

म्हटलं, “तुझा मंगळू कोण?”

“ताई, हळू बोला, गिऱ्हाईक आहे.”

“माझ्या आईला तू कुठे विकलंस ते तुला कळतंय का?”

“मी काय खोटं बोललो? तुम्ही सांगितलं, आम्ही ऐकलं. सही तुम्ही केली, मी हात धरून नाही करवली.” मग आवाज खाली आणला, अगदी त्याच नम्र आवाजात म्हणाला, “तुम्हालाच भाऊ हवा होता, ताई. मी काय, समोर आलो.”

मला त्याला मारावंसं वाटलं. पण मारता आलं नाही, कारण त्यातला एवढा एक भाग खरा होता. चैताली आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला विचारलं, “तुला तरी माहीत होतं ना?” ती म्हणाली, “पप्पा म्हणाले पाठ कर.” मग आत निघून गेली. एवढी मोठी मुलगी.

रिक्षात बसल्यावर पहिला विचार आला तो मंगळूचा. बिचारा दुसऱ्यांदा हरवला.

२ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस रोशनी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. डबा भरते, दिवा बंद करते, ‘जाते’ म्हणते आणि जाते.

आज भिंतीवरचं शीट काढायला घेतलं. शाईने लिहिलेली नावं खोडता येईनात, ब्लेडने खरवडली तर कागद फाटला, आणि फाटताना मंगळूसकट फाटला. रोशनी येऊन उभी राहिली. तिने खाली पडलेला तुकडा उचलून टेबलावर ठेवला. मग स्वतःच दोन कप चहा करून आणला आणि समोर बसली.

वाटलं, आता सांगावं. इतकी वर्षं घरात होती, हिच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नाही. अभ्यास कर, मोठी हो, पाड्यावरचं काय घेऊन बसायचं, असंच मला वाटत आलं. आणि परका माणूस वही घेऊन बसला तर दुपारभर बोलत सुटले. म्हटलं, निदान आता तरी. मी कप खाली ठेवला आणि सुरुवात केली, “रोशनी, ऐक. खळं सारवून झालं की तुझी आजी आधी...”

“नको, आत्या.”

“अगं, आजीचं गाणं. तू विचारलं होतंस ना, ते.”

“नको ना.” तिने माझ्या हातावर हात ठेवला, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत. “त्या बाई परत येणार. विचारतील, हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? आता तू काहीही सांगितलंस तर ते पढवलेलंच होईल. आणि मला खोटं बोलता येत नाही.”

मी म्हटलं, “पण हे खरं आहे. तुझंच आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी आता नको.”

फेरचौकशीची तारीख अजून आलेली नाही. ती येऊन जाईपर्यंत मी तिच्याशी पाड्यावरचं एक अक्षरही बोलायचं नाही, असं आमचं ठरलं.